सहावी सूना

माणसाच्या हातून जी हिंसा नकळत, मनात द्वेषाचा लवलेशही नसताना आणि पुष्कळदा प्रेमाच्याच पोटी घडते, तिची नोंद कोणाच्या खात्यावर करावयाची, हा प्रश्न आपल्या धर्मविचाराइतकाच जुना आहे. त्याचा ऊहापोह बहुधा रणांगण, मृगया, राजदंड अशा मोठ्या प्रसंगांच्या आधाराने झाला. मला मात्र तो अगदी लहान, घरगुती आणि म्हणूनच अधिक अवघड अशा एका प्रसंगाच्या आधाराने करावासा वाटतो. घरात काही मंगल कार्य होते, फुलांचा गुच्छ येतो, त्यात लिलियमची चार टपोरी सुगंधी फुले असतात. तो गुच्छ पाण्याच्या भांड्यात घालून मेजावर ठेवला जातो. आणि घरातले मांजर, आपल्या स्वभावधर्मास अनुसरून, त्या नव्या वस्तूची चौकशी करते आणि पुंकेसरांना अंग घासून निघून जाते. अंगावर पडलेले तांबूस पराग ते सवयीप्रमाणे चाटून स्वच्छ करते. काही तासांत त्याला ओकाऱ्या होतात, ते कोपरा धरते, अन्नाला तोंड लावीत नाही. मग थोडे सावरल्यासारखेही दिसते आणि घरची माणसे निर्धास्त होतात. परंतु एक ते तीन दिवसांच्या आत त्याची मूत्रपिंडे काम करीनाशी होतात, आणि पशुवैद्याकडे न्यावे तो बहुधा वेळ टळून गेलेली असते. पहिल्या अठरा तासांच्या आत शिरेतून द्रव देण्याचा उपचार सुरू झाला तर जीव वाचण्याची आशा चांगली असते. पण त्या अठरा तासांत, फूल हे मारणारे असते अशी शंकादेखील कोणाच्या मनाला शिवत नाही.

लिलियम आणि दिसण्यात तिच्यासारखीच असणारी डे-लिली, या दोहोंचे पान, पाकळी, देठ, पराग, फार काय, ज्या पाण्यात त्यांचे देठ उभे होते ते पाणीसुद्धा मांजराला घातक असते. हीच फुले कुत्र्याने खाल्ली तर त्याचे पोट बिघडेल, पण मूत्रपिंडे शाबूत राहतील. आणि चीन व जपान या देशांत तर काही जातींच्या लिलीचे कंद माणसे शिजवून आवडीने खातात. मग विष आहे ते कोठे? सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विषाचे स्थावर आणि जंगम असे दोन वर्ग करून, स्थावर विषाची मूळ, पान, फळ, फूल, साल, चीक इत्यादी दहा अधिष्ठाने सांगितलेली आहेत, आणि त्या काळच्या निरीक्षणाला ही गणना भूषणावह आहे यात संशय नाही. तथापि लिलीचे उदाहरण पाहिले म्हणजे असे वाटू लागते की या विषाचे खरे अधिष्ठान त्या दहांपैकी एकातही नसून, फूल आणि मांजर यांच्या गाठीभेटीत आहे. एकटे फूल निर्विष, एकटे मांजर निरोगी. दोघांच्या संबंधात मात्र मृत्यू उत्पन्न होतो. विष आणि औषध यांतला भेद चरकसंहितेने द्रव्याच्या योजनेवर अवलंबून ठेवला, त्यात हीच दृष्टी बीजरूपाने आहे, आणि वस्तूचे स्वरूप अनेक अंगांनी पाहिल्यावाचून तिच्याविषयी काही ठाम बोलू नये हा जैनांचा अनेकान्तवाद येथे तत्त्वज्ञानाच्या पोथीतून उतरून थेट घराच्या मेजावर येऊन बसतो.

मांजराच्या बाजूनेही काही सांगितले पाहिजे. मार्जारकुळ हे निखळ मांसाहारी. वनस्पतींच्या रसायनांशी झुंजण्याचा प्रसंग त्याच्या पूर्वजांवर क्वचितच आला, आणि ज्या साधनाचा उपयोग होत नाही ते निसर्ग फार काळ सांभाळून ठेवीत नाही. आपल्या यकृतात अनेक परकीय द्रव्यांना ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देऊन ती शरीराबाहेर टाकण्यायोग्य करण्याची व्यवस्था असते. त्या व्यवस्थेतील एक महत्त्वाचे विकर तयार करणारे जनुक मांजराच्याच नव्हे, तर सिंहाच्या आणि चित्त्याच्याही देहात फार प्राचीन काळापासून निकामी होऊन पडले आहे. ज्या पॅरासिटामॉलची गोळी आपण अंग कसकसले की सहज घेतो, तिची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते, ती याच कारणाने. लिलीच्या विषाचा उलगडा मात्र याने होत नाही. ते विष नेमके कोणते द्रव्य आहे याचा पत्ता रसायनशास्त्राला अजून लागलेला नाही. आणि सर्वच घातक वनस्पती अशा गूढही नाहीत. मनीप्लँट, डिफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम या साऱ्या अळूच्या गोतातल्या. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, आणि अळू खाजरा निघाला म्हणजे घशाला काय होते, ज्यासाठी आपल्या गृहिणी फतफत्यात चिंच किंवा आंबट चुका घालतात, ते ज्याने अनुभवले आहे त्याला मनीप्लँटचे पान चावलेल्या मांजराच्या तोंडातून लाळ का गळते हे समजावून सांगावे लागणार नाही. हा दाह बहुधा प्राणावर बेतत नाही. परंतु दाराशी शोभेसाठी ठेवलेल्या सायकसच्या बिया यकृताचा घात करतात. कलांचो, अडेनियम आणि कण्हेर यांच्यातील द्रव्ये सरळ हृदयावर चालून जातात.

आता या जीवांची मूळ गावे पाहावीत, कारण माझ्या मते प्रश्नाची खरी किल्ली तेथे आहे. जी वेल आज मुंबई-पुण्याच्या असंख्य खिडक्यांत बाटलीतल्या पाण्यावर वाढते, ती मनीप्लँट मूळची पॅसिफिक महासागरातील सोसायटी द्वीपसमूहातल्या मोरेआ नावाच्या एका बेटाची. डिफेनबेकिया अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातली. सायकस दक्षिण जपानमधला. गुच्छातल्या लिलियमचे पूर्वजही बहुतांशी पूर्व आशियातले. आणि मांजर? त्याचा पूर्वज पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथला रानमांजर. धान्याच्या कोठारांतल्या उंदरांचा माग काढीत तो माणसाच्या वस्तीला आला, आणि सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले सापडते, इतका हा सहवास जुना आहे. मोरेआ बेटावरची वेल आणि वाळवंटाच्या कडेचा हा शिकारी यांची गाठ निसर्गक्रमाने पडण्याचा काही संभवच नव्हता. ती गाठ दादरच्या एखाद्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पडली, आणि ती आपण घालून दिली. सृष्टीत निरपराध जीवाचे दुःख दिसले की ईश्वरावर वैषम्याचा आणि नैर्घृण्याचा आरोप येतो, आणि ब्रह्मसूत्रांनी तो आरोप जीवांच्या कर्माकडे बोट दाखवून परतविला आहे. परंतु येथे ती फिर्याद ईश्वराच्या दरबारात नेण्याचे कारणच उरत नाही. वनस्पती आपल्या रक्षणासाठी निसर्गाने दिलेले शस्त्र बाळगून उभी होती, मांजर आपल्या स्वभावाने चालले होते, आणि दोघांनाही एका छपराखाली आणणारा कर्ता घराच्या दारावर नावाची पाटी लावून राहत होता.

कोणी म्हणेल, आपल्या देशातही विषारी झाडे पूर्वापार घराजवळ होतीच. होती, आणि धर्माने त्यांना देवापाशी मानाचे स्थान दिले होते: शंकराला धोत्रा आणि कण्हेर, मारुतीला रुईच्या पानांची माळ, कोकणात गौरीच्या पूजेला कळलावीची ती ज्वाळेसारखी फुले, ज्यांना गौरीचे हात म्हणतात आणि ज्यांच्या कंदात कॉल्चिसिनसारखे उग्र विष असते. पण कण्हेर कुंपणाला असे, धोत्रा उकिरड्याच्या कडेला, रुई माळावर. फुले पूजेच्या ताटातून येत आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्य होऊन बाहेर जात. मांजराची वहिवाट पडवी, माळा आणि परस यांत असे, आणि तिथे त्याला हरळीपासून शेकडो प्रकारचे गवत मोकळे होते. ही व्यवस्था कोणी मांजराच्या हितासाठी बसविली होती असे मी म्हणत नाही, आणि त्या काळी मांजरे आजच्यापेक्षा अधिक जगत होती असेही नाही. विहीर, कुत्रे, उपासमार यांनी ती पुष्कळच मरत. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, घराची हद्द आक्रसून चार भिंतींवर आली, मांजराच्या जिवाला जपावे म्हणून आपण दार लावून घेतले आणि डोळ्यांना हिरवे दिसावे म्हणून कुंड्या आत आणल्या. या दोन्ही गोष्टी प्रेमाने केल्या, आणि त्या दोन प्रेमांच्या मध्ये तो मुका प्राणी सापडला. गवत खाण्याची ओढ मांजरात उपजत असते. पोटातले कृमी बाहेर काढण्यासाठी त्याच्या रानटी पूर्वजांना तिचा उपयोग होत असावा असे जाणकारांना वाटते. ज्याला रानात हजार पात्यांतून निवड करता आली असती, त्याच्यासमोर आपण एकच कुंडी ठेवली, आणि निवडीचा हक्क त्याच्याकडून काढून घेतल्यावर त्याने चुकीची निवड केली असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरला नाही.

गृहस्थाच्या घरात पाच सूना, म्हणजे पाच वधस्थाने असतात असे मनुस्मृती सांगते: चूल, दळण्यावाटण्याचे साधन, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांतले एकही शस्त्र नाही. ज्यांच्यावाचून घर हे घरच होत नाही अशा या वस्तू, आणि त्यांच्याच ठायी रोज अगणित लहान जीव मरतात, हे ज्याने प्रथम पाहिले त्याच्या दृष्टीपुढे मला आदराने नम्र व्हावेसे वाटते, मग त्या ग्रंथातील इतर कितीतरी गोष्टींशी माझा तीव्र मतभेद का असेना. त्या दृष्टीने गृहस्थाला चूल विझवून वनात जाण्यास सांगितले नाही, आणि हेतू शुद्ध आहे म्हणून बेफिकीर राहण्याची सनदही दिली नाही. पंचमहायज्ञ रोज करावेत, त्यांत भूतयज्ञाने घरादारातल्या प्राणिमात्राचा वाटा काढून ठेवावा, असा नित्याचा नेम लावून दिला. शोभेची कुंडी ही आजच्या घरातली सहावी सूना आहे असे मी समजतो. तिचा भूतयज्ञही उघड आहे: नवरात्रात घटाभोवती ज्या रीतीने धान्य पेरतो, तसेच एका पसरट भांड्यात गहू किंवा सातू पेरून मांजरासाठी वेगळे गवत राखावे, आणि त्याच्या वाटेत येणारी घातक झाडे दुसऱ्या घरी द्यावीत.

पण हेतूचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही, आणि बौद्ध व जैन यांच्यात या प्रश्नावर जो दीर्घ वाद झाला तो येथे आठवल्यावाचून राहत नाही. बुद्धाने चेतनेला, म्हणजे संकल्पालाच, कर्म म्हटले. ज्या कृतीमागे मारण्याचा संकल्प नाही तिचा दोष कर्त्याला लागत नाही, ही त्या विचाराची साहजिक परिणती. सूत्रकृतांग या प्राचीन जैन आगमात या मताची कठोर थट्टा आहे: तेथे बौद्धाच्या तोंडी असे घातले आहे की, पेंडीच्या गोळ्याला माणूस समजून कोणी सुळावर भाजले तर तो खुनी ठरेल, आणि खऱ्या माणसाला पेंड समजून भाजले तर मात्र निर्दोष सुटेल. हे प्रतिपक्षाचे विडंबन आहे, आणि अन्यायाचेही आहे, कारण धम्मपदाचा दुसरा वर्गच अप्रमादाला, म्हणजे सावधपणाला, वाहिलेला आहे आणि बुद्धाची शिकवण बेसावध माणसाला अभय देणारी कधीच नव्हती. तरीही त्या विडंबनात एक टोचणारे सत्य आहे. हेतूच्या शुद्धतेवर सारा निवाडा सोपविला की अज्ञान ही ढाल होते, आणि ढाल हाती आली की ज्ञान मिळविण्याची कोणाला निकड वाटत नाही.

जैनांनी या पेचातून काढलेली वाट मला सर्वांत प्रामाणिक वाटते. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेची जी व्याख्या केली, तीत प्राणघाताच्या आधी प्रमत्त योग, म्हणजे बेसावध वागणे, हे पद घातले आहे. आणि कुंदकुंदाचार्यांनी तर प्रवचनसारात त्याही पुढे जाऊन असे प्रतिपादिले की, यत्नाचार न पाळणाऱ्याकडून हिंसा झालीच, मग समोरचा जीव मरो अथवा वाचो, आणि जो पूर्ण काळजीने वागत होता त्याच्या हातून जीव गेला तरी केवळ तेवढ्याने त्याला कर्मबंध होत नाही. म्हणजे ज्या घरी लिलियमचा गुच्छ आला आणि दैवयोगाने मांजर त्या दिवशी माळ्यावर झोपून राहिले, ते घरही या निवाड्यातून सुटत नाही. आणि ज्याने विचारपूस करून, माहितगाराचा सल्ला घेऊन झाड आणले आणि तरीही आघात झाला, त्याच्यावर ठपका ठेवता येत नाही. जैन मुनींच्या पाच समितींत आदाननिक्षेपण अशी एक समिती आहे: कोणतीही वस्तू उचलताना आणि ठेवताना तिच्याखाली, तिच्याभोवती कोणता जीव आहे ते पाहून उचलावी आणि ठेवावी. घरात कुंडी कोठे ठेवावी, या आपल्याला केवळ सजावटीच्या वाटणाऱ्या प्रश्नाचे धर्मशास्त्र याहून नेमके मला इतरत्र कोठे आढळले नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. गृहस्थाने कोठवर जाणावे? जगातल्या साऱ्या वनस्पतींचे आणि साऱ्या प्राण्यांच्या यकृतांचे ज्ञान संपादन करूनच जर घर मांडावयाचे, तर घर मांडलेच जाणार नाही. शिवाय नावेसुद्धा फसवी असतात, कारण पीस लिली या नावाने मिळणारे झाड लिलीच्या कुळातले नसून अळूच्या गोतातले आहे आणि त्याच्यापासून तोंडाच्या दाहापलीकडे सहसा काही होत नाही. मला वाटते, जाणण्याच्या कर्तव्याची सीमा ताब्याच्या सीमेइतकी असावी. रस्त्यावरच्या मांजराने कोणाच्या बागेत काय खाल्ले याची जबाबदारी माझ्यावर येत नाही; परंतु ज्या जिवाचे अन्न, पाणी, दार आणि खिडकी ही सारी माझ्या मुखत्यारीत आहेत, त्याच्या बाबतीत मला ठाऊक नव्हते ही कैफियत अपुरी ठरते. सत्ता जितकी निरंकुश, तितके जाणण्याचे ओझे जड, हा न्याय आपण राजाला लावतो, विश्वस्ताला लावतो. मांजर पाळणारा मात्र त्यातून स्वतःला वगळतो, आणि ते मला पटत नाही.

वैष्णवांच्या दक्षिणेकडील संप्रदायात शरणागतीची दोन रूपे सांगताना मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन दृष्टांत प्रसिद्ध आहेत. वानराचे पिलू आईला स्वतः घट्ट धरून राहते. मांजराचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. पिळ्ळै लोकाचार्यांच्या परंपरेतील तेंकलै वैष्णवांनी भक्ताची जागा या दुसऱ्या पिलाची मानली, आणि वेदान्तदेशिकांच्या वडकलै पंथाने जीवाच्या यत्नालाही काही स्थान ठेवले. त्या वादात पडण्याचा माझा अधिकार नाही. मला विचार करावासा वाटतो तो तोंडात धरणाऱ्याचा; कारण शरणागतीवर इतके लिहिणाऱ्या पंडितांनी शरण आलेल्याच्या मनाचे सूक्ष्म वर्णन केले, पण ज्याला कोणी सर्वस्वी शरण आले आहे त्या मर्त्य, अल्पज्ञ माणसाने काय करावे याचे विवेचन फारसे झालेले मला दिसत नाही. ईश्वर सर्वज्ञ असल्यामुळे त्याला चौकशी करावी लागत नाही. आपल्याला लागते. मांजरीचे दात तिच्या पिलांना लागत नाहीत असे आपण म्हणतो, कारण किती जोराने धरावे हे तिला उपजत कळते. आपण ज्या मांजराला उचलून तिसऱ्या मजल्यावर आणतो, त्याच्याबाबतीत असे कोणतेही उपजत ज्ञान आपल्यापाशी नाही. ते मिळवावे लागते, आणि मिळविले नाही तर आपले दात त्याला लागतात.

राहता राहिली ती माणसे, ज्यांच्या घरी हे घडून गेले आहे. त्यांचा शोक मी पाहिला आहे, आणि त्याला क्षुद्र म्हणणाऱ्यांची मला कीव येते. मनुस्मृतीत मांजराच्या वधाला प्रायश्चित्त सांगितले आहे. त्यासाठी जे परिमाण योजले ते माणसामाणसांत उच्चनीच भेद करणारे असल्यामुळे सर्वस्वी त्याज्य होय, आणि मांजर मेले तर सोन्याचे मांजर काशीला दान करावे ही लोकांतली समजूत आज कोणी पाळणार नाही, पाळून उपयोगही नाही. परंतु त्याच स्मृतीने पापमोचनाची जी साधने मोजली आहेत, त्यांत तप आणि अध्ययन यांच्याच नव्हे, तर अनुतापाच्याही आधी ख्यापन येते, म्हणजे घडलेली गोष्ट स्वतःच्या तोंडाने चारचौघांत सांगणे. हे साधन आजही पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि शोकामुळे व लाजेमुळे नेमके तेच टाकले जाते. पशुवैद्यासमोर गुच्छाचा उल्लेख राहून जातो, तेथे तो पहिल्या वाक्यात आला पाहिजे, आणि शक्य तर चावलेले पान सोबत नेले पाहिजे, म्हणजे उपचाराची दिशा त्याला तत्काळ ठरविता येते. शेजारच्या बिऱ्हाडात मांजर असेल तर तेथे जाऊन सांगावे. फुलवाल्याला सांगावे, आणि लिलियमचा गुच्छ बांधून देताना घरात मांजर आहे काय एवढे गिऱ्हाइकाला विचारण्याची त्याला सवय लावावी. रोपवाटिकेच्या मालकाकडे जाऊन, सायकसच्या आणि अडेनियमच्या कुंडीवर किमतीच्या चिठ्ठीशेजारी आणखी एक चिठ्ठी लावण्याची विनंती करावी. आणि पहिल्या खेपेस त्याने ती मनावर घेतली नाही, तर पुन्हा जाऊन करावी.